अ‍ॅड्रिनलवरची गाठ: सुई आणि सुरीच्या आधी रक्त तपासा

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझं वय ४६. मुतखड्याच्या दुखण्यासाठी सीटी स्कॅन केला. खडा लहान होता, पडून गेला. पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ आहे: डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत १.९ सेंटिमीटरची एकसंध गाठ, १४ एचयू, पुढील तपासणी करावी. तेव्हापासून घरात कुणाला चैन नाही. दीर म्हणतात, सुई घालून तुकडा तपासून घ्या. ओळखीचे एक सर्जन म्हणाले, काढून टाका, कटकट मिटेल. आणखी एक डॉक्टर म्हणाले, अशा गाठी कितीतरी जणांना असतात, विसरून जा. जाऊबाईंनी गाठ विरघळवणारं चूर्ण आणून दिलंय, ते अजून सुरू केलेलं नाही. मला पाच वर्षांपासून बीपी आहे. टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन आणि लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी तीन औषधं घेऊनही ते १५०/९६ च्या आसपास राहतं. मागे एकदा पोटॅशियम ३.२ आलं होतं, ते लघवीच्या गोळीमुळे असं सांगितलं होतं. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, लघवीला दोन-तीनदा उठावं लागतं. बहुधा वयामुळे असेल. हा कॅन्सर आहे का? मी ऐकू तरी कुणाचं? आणि माझ्या मुलीलाही हे होऊ शकतं का?

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. तीन औषधांना न जुमानणारं बीपी, कमी आलेलं पोटॅशियम, पोटऱ्यांतले गोळे आणि रात्रीची लघवी. गाठीच्या मापापेक्षा माझं लक्ष या चार गोष्टींकडे जास्त गेलं. का, ते सांगतेच. पण आधी तुमची झोप उडवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरणार नाही.

तुम्ही लिहिलेल्या वर्णनाची गाठ कॅन्सर असण्याची शक्यता फारच कमी आहे. अ‍ॅड्रिनलमध्येच, म्हणजे किडनीवरच्या छोट्या ग्रंथीतच, सुरू होणारा कॅन्सर मुळात दुर्मिळ. दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एक-दोन जणांना होतो. तो सापडतो तेव्हा बहुतेक वेळा चार सेंटिमीटरच्या पुढे गेलेला असतो, पुष्कळदा त्याहून कितीतरी मोठा. त्याच्या कडा वेड्यावाकड्या असतात, आतला भाग कुठे गडद कुठे फिका असा दिसतो. तुमची गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आहे आणि रिपोर्टमध्ये ‘एकसंध’ हा शब्द आहे. तो शब्द रेडिओलॉजिस्टने उगाच लिहिलेला नाही. दुसऱ्या अवयवाचा कॅन्सर, विशेषतः फुफ्फुसाचा, स्तनाचा, किडनीचा किंवा मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर), पसरत अ‍ॅड्रिनलपर्यंत येऊ शकतो. पण तुम्हाला पूर्वी असा आजार झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. झाला असेल तर मात्र ही गोष्ट पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा, कारण मग सगळं गणितच बदलतं.

आता त्या १४ एचयूबद्दल. एचयू म्हणजे हाउन्सफील्ड युनिट. सीटी स्कॅनच्या शोधासाठी १९७९चं नोबेल ज्या दोघांना मिळालं, त्यांपैकी गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाचं हे एकक. स्कॅनमध्ये एखादी जागा किती घन दिसते ते या आकड्यावरून कळतं. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास. अ‍ॅड्रिनलच्या साध्या, निरुपद्रवी गाठीला अ‍ॅडिनोमा म्हणतात. हार्मोन तयार करायला कोलेस्टेरॉल लागतं, त्यामुळे या गाठीच्या पेशींत चरबी भरपूर साठलेली असते आणि आकडा खाली राहतो. गाठ एकसंध असेल आणि आकडा १० किंवा त्याखाली असेल, तर ती निरुपद्रवी आहे असं निर्धास्तपणे म्हणता येतं. त्यासाठी पुन्हा स्कॅन करण्याचीही गरज नसते. तुमचा आकडा या रेषेच्या थोडा वर आहे. यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण कमी चरबी असलेले अ‍ॅडिनोमाही बरेच असतात आणि त्यांचा आकडा १०च्या वरच येतो. मात्र एवढ्यावरून फाइल बंद करता येत नाही. शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारा द्रव) देऊन तो गाठीतून किती वेगाने धुऊन जातो ते पाहणारा सीटी, किंवा पेशींतली चरबी शोधणारा खास एमआरआय, यांपैकी एक करावा लागेल. नाहीतर वर्षभराने साधा सीटी पुन्हा करून गाठ वाढली का ते पाहायचं. तुमच्या आकाराच्या आणि आकड्याच्या गाठीसाठी हे सगळेच मार्ग मान्य आहेत.

एक गोष्ट तुमच्या पथ्यावर पडली आहे. मुतखड्यासाठीचा सीटी सहसा कॉन्ट्रास्ट न देता करतात आणि एचयूचा हा नियम फक्त तशाच स्कॅनला लागू होतो. त्यामुळे तुमचा आकडा वापरण्याजोगा आहे. पाच-सात वर्षांपूर्वी पोटाचा सीटी किंवा एमआरआय कधी केला असेल, तर तो शोधून काढा. जुन्या फिल्मवर हीच गाठ याच मापाची दिसली, तर त्याहून मोठा दिलासा कुठलीही नवी तपासणी देऊ शकणार नाही.

आता दिरांचा सल्ला. तो काळजीपोटीच आहे, पण इथे ऐकू नका. शरीरात इतरत्र गाठ आली की तुकडा काढून तपासणं हाच रिवाज, म्हणून अ‍ॅड्रिनललाही तेच करावं असं कुणालाही वाटेल. इथे मात्र शितावरून भाताची परीक्षा होत नाही. सुईत आलेल्या चार पेशींवरून साधा अ‍ॅडिनोमा आणि कॅन्सर यांतला फरक मायक्रोस्कोपखालीसुद्धा पुष्कळदा सांगता येत नाही. त्यातून तो खरंच कॅन्सर निघाला, तर सुईमुळे पेशी बाहेर सांडण्याचा धोका असतो. अ‍ॅड्रिनलची बायॉप्सी जवळजवळ एकाच परिस्थितीत उपयोगी पडते: रुग्णाला दुसरीकडचा कॅन्सर आधीपासून माहीत असतो आणि या गाठीचं उत्तर मिळालं तर त्याचे उपचार बदलणार असतात. तिथेसुद्धा एक तपासणी आधी झाल्याशिवाय सुईला हात लावायचा नसतो.

ही तपासणी मेटानेफ्रिनची, आणि तुम्हालाही ती लागणार आहे.

दोन्ही किडन्यांच्या वरच्या टोकाला एकेक अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. एवढ्याशा ग्रंथीत दोन वेगळी खाती आहेत. बाहेरचा थर अल्डोस्टेरॉन, कॉर्टिसॉल आणि थोडी पुरुषी हार्मोन्स तयार करतो. आतला गाभा अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडतो. या गाभ्यातून उगवलेल्या गाठीला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. ठरावीक चित्र असं: अचानक डोकं ठणकतं, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, बीपी उसळतं आणि काही मिनिटांत किंवा तासाभरात सगळं शांत होतं. पण कितीतरी जणांमध्ये ती वर्षानुवर्षं गप्प बसलेली असते. अशा गाठीत सुई घातली किंवा पूर्वतयारीशिवाय भूल देऊन ऑपरेशन केलं, तर एकदम हार्मोनचा लोट सुटून बीपी जिवावर बेतण्याइतकं वर जाऊ शकतं. म्हणून साध्या सीटीवर ज्या गाठीचा आकडा १०च्या वर आहे, तिच्यासाठी लक्षणं असोत वा नसोत, ही तपासणी करायचीच. १० किंवा त्याखालच्या एकसंध गाठीत फिओक्रोमोसायटोमा जवळजवळ सापडतच नाही, त्यांना ती लागत नाही. तुमचा आकडा १४, म्हणून तुम्हाला लागते.

तपासायचं मेटानेफ्रिन, अ‍ॅड्रिनलिन नव्हे. लॅबच्या फॉर्मवर नाव नीट पाहून घ्या. अशी गाठ अ‍ॅड्रिनलिन रक्तात झटक्याझटक्याने सोडते, त्यामुळे झटका नसताना घेतलेलं रक्त साफ निघू शकतं. पण गाठीच्या आत अ‍ॅड्रिनलिनचं मेटानेफ्रिनमध्ये रूपांतर सतत चालू असतं आणि ते चोवीस तास पाझरत राहतं. तपासणी रक्तातून होते किंवा २४ तासांच्या लघवीतून. रक्त द्यायचं असेल तर आधी २० ते ३० मिनिटं शांत पडून राहायला हवं. धावतपळत लॅबमध्ये येऊन खुर्चीत बसल्या बसल्या रक्त दिलं तर आकडा उगाच वर जातो आणि नसलेल्या आजाराची धास्ती मागे लागते. नैराश्यावरची काही औषधं, उदाहरणार्थ अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा व्हेनलाफॅक्सिन, हा आकडा वाढवतात. काही लॅबच्या पद्धतीत पॅरासिटामॉलचाही अडथळा होतो. आकडा कमाल मर्यादेच्या थोडासाच वर आला तर बहुतेकदा कारण यांतलंच असतं आणि तपासणी नीट तयारीनिशी पुन्हा करायची. तो कैक पटींनी वर असेल, तर मात्र ते गांभीर्याने घ्यायचं. फिओक्रोमोसायटोमा निघालाच तरी तो बरा होण्याजोगा आजार आहे: अल्फा ब्लॉकर प्रकारची औषधं साधारण एक-दोन आठवडे देऊन, मीठ-पाणी वाढवून, मग ऑपरेशन. फक्त हा क्रम मोडायचा नाही. छातीत धडधडतंय म्हणून अल्फा ब्लॉकरच्या आधीच बीटा ब्लॉकर सुरू करणं अशा रुग्णात धोक्याचं ठरतं.

सर्जन म्हणाले ‘काढून टाका’, त्यालाही माझी हरकत याच कारणासाठी आहे. गाठ कदाचित काढावी लागेलही. पण ती काय आहे आणि काय करते आहे हे कळण्याआधी ऑपरेशन टेबलावर जाणं बरोबर नाही. मग ‘विसरून जा’ म्हणणारे डॉक्टर? ते अर्धे बरोबर आहेत. पन्नाशीच्या आसपास इतर कारणासाठी सीटी केला तर साधारण ३ टक्के लोकांमध्ये अशी गाठ दिसते आणि वय वाढेल तसं हे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत जातं. बहुसंख्य गाठी कुठलंही जास्तीचं हार्मोन करत नाहीत, वाढत नाहीत, आयुष्यभर काही त्रास देत नाहीत. पण अशा गाठीला दोन स्वतंत्र प्रश्न विचारायचे असतात: ती कॅन्सर आहे का, आणि ती हार्मोन तयार करते का? त्यांनी पहिल्याचं उत्तर दिलं आणि दुसरा विचारलाच नाही. तुमच्या बाबतीत तर दुसराच जास्त महत्त्वाचा.

इथे ते बीपी आणि पोटॅशियम येतं.

अल्डोस्टेरॉनचं काम शरीरातलं मीठ राखणं. ते किडनीला सांगतं, सोडियम परत घे, पोटॅशियम जाऊ दे. एखादी गाठ कुणाचंही न ऐकता अल्डोस्टेरॉन करत सुटली, तर मीठ-पाणी साचतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. पोटॅशियम उतरलं की स्नायू कुरकुरतात, पोटऱ्यांत गोळे येतात, थकवा येतो. किडनीची लघवी दाट करण्याची ताकदही कमी होते, म्हणून रात्री उठावं लागतं. तुमची तक्रार आणि ही यादी शेजारी ठेवून बघा.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जेरोम कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक स्त्री आली. स्नायूंत गोळे, अधूनमधून अंगातली ताकदच जाणं, चढलेलं बीपी आणि सतत कमी पोटॅशियम. ऑपरेशन झालं तेव्हा अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ सापडली, आणि ती काढल्यावर तक्रारी गेल्या. कॉन यांनी १९५५ मध्ये हा आजार जगापुढे मांडला. फार दिवस तो दुर्मिळ समजला गेला. आता माहीत आहे की उच्च रक्तदाबाच्या साधारण ५ ते १० टक्के रुग्णांमध्ये मूळ कारण हेच असतं आणि तीन औषधांनाही दाद न देणाऱ्यांत प्रमाण आणखी जास्त. बहुतेकांचं पोटॅशियम तर नॉर्मलच असतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. तुमचं कमी आलं, म्हणजे खूण तरी मिळाली.

‘पोटॅशियम लघवीच्या गोळीमुळे कमी झालं’ हे स्पष्टीकरण चुकीचं म्हणता येणार नाही, हायड्रोक्लोरोथायाझाइडने ते उतरतंच. पण गोळीमुळे इतकं उतरणं हेसुद्धा अल्डोस्टेरॉन तपासण्याचं कारण मानलं जातं, कारण आधीच काठावर असलेलं पोटॅशियम गोळीने काठाखाली ढकललं जातं. बीपी आणि अ‍ॅड्रिनलची गाठ एकत्र असेल तर ही तपासणी करायचीच, पोटॅशियम काहीही असो.

तपासणी साधी आहे: सकाळच्या एकाच रक्ताच्या नमुन्यात अल्डोस्टेरॉन आणि रेनिन (किडनीचा संदेश, ज्यावरून एरवी अल्डोस्टेरॉन तयार होतं; गाठ मनमानी करत असेल तर रेनिन दबतं), आणि दोघांचं गुणोत्तर. उठून किमान दोन तास हिंडून-फिरून झाल्यावर, मग पाच-पंधरा मिनिटं बसून रक्त द्यायचं. त्याआधी पोटॅशियम औषधाने ४च्या आसपास आणून घ्यायला हवं, कारण पोटॅशियम कमी असलं की अल्डोस्टेरॉन आपोआप दबतं आणि खरा आजारही लपून जातो. त्या दिवसांत मीठही मुद्दाम तोडायचं नाही. औषधांचं काय? स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका, हे अगदी बजावून सांगते. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांना ते सहसा चार आठवडे आधी थांबवावं लागतं, पण तुम्ही ते घेत नाही. तुमच्या टेल्मिसार्टनने आणि लघवीच्या गोळीने रेनिन वाढतं. ही दोन औषधं चालू असतानाही रेनिन दबलेलं आलं आणि अल्डोस्टेरॉन जास्त आलं, तर निदानाला आणखीच जोर येतो. गुणोत्तर नॉर्मल आलं तर मात्र औषधं बदलून पुन्हा पाहायचं की नाही, हे तुमचे डॉक्टर ठरवतील.

समजा, ही तपासणी पॉझिटिव्ह आली. बऱ्याच जणांना मग खात्री करून घेणारी आणखी एक तपासणी लागते, जसं चार तासांत दोन लिटर सलाईन देऊन अल्डोस्टेरॉन दबतं का ते पाहणं. त्यानंतर घरात पुन्हा तोच सूर लागेल: गाठ डावीकडे दिसतेय, काढा डावीकडची. इथे थांबायचं. स्कॅनवरची गाठ आणि हार्मोनचा उगम एकाच बाजूला असतील याची खात्री नाही. डावीकडे गप्प बसलेला अ‍ॅडिनोमा आणि अल्डोस्टेरॉन मात्र उजवीकडून, किंवा दोन्हीकडून, असं घडतं. केवळ स्कॅनच्या भरवशावर राहिलं तर साधारण तिघांतल्या एकाच्या बाबतीत निर्णय चुकू शकतो. म्हणून दोन्ही अ‍ॅड्रिनलच्या शिरांतलं रक्त वेगवेगळं घेऊन तुलना करतात. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर नेतात. उजवी अ‍ॅड्रिनल शीर आखूड असते आणि थेट पोटातल्या महाशिरेत उघडते, त्यामुळे ती सापडणंच मुश्कील. हे काम रोज करणारा रेडिओलॉजिस्ट निवडा. यात हाताच्या सवयीला फार मोल आहे. अगदी तरुण रुग्णांत, साधारण ३५ वर्षांखालच्या, चित्र स्पष्ट असेल तर ही पायरी वगळता येते. तुमच्या वयाला ती वगळू नये असं माझं मत आहे.

एकाच बाजूचा उगम निघाला तर दुर्बिणीतून ती ग्रंथी काढतात. पोटॅशियम जवळजवळ सगळ्यांचं सुधारतं. बीपीच्या गोळ्या पूर्णपणे सुटणं साधारण एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांना साधतं, बाकीच्यांच्या कमी होतात. बीपी जितकं जुनं, तितकी पूर्ण सुटका अवघड. उगम दोन्हीकडचा असेल तर ऑपरेशनचा उपयोग नाही, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन ही औषधं त्यासाठीच आहेत. जास्तीचं अल्डोस्टेरॉन बीपीच्या पलीकडे जाऊन हृदयाला आणि किडनीलाही इजा करतं, हृदयाचा ठोका अनियमित होण्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढवतं. म्हणून चौथी-पाचवी बीपीची गोळी वाढवत नेण्यापेक्षा मूळ शोधणं महत्त्वाचं.

तिसरं हार्मोन कॉर्टिसॉल. अशी गाठ सापडलेल्या प्रत्येकाने, काही त्रास असो वा नसो, त्याची तपासणी करून घ्यावी. रात्री ११ ते १२च्या दरम्यान डेक्सामेथासोनच्या एक मिलिग्रॅम मात्रेची गोळी घ्यायची आणि सकाळी ८-९ वाजता कॉर्टिसॉलसाठी रक्त द्यायचं. बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मेंदू अ‍ॅड्रिनलला गप्प बसवतो, मग सकाळचं कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याखाली यायला हवं. ते त्याच्या वर राहिलं तर गाठ मेंदूचं ऐकत नाही असा अर्थ. गर्भनिरोधक गोळ्या किंवा तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन, फेनिटॉइन, कार्बमाझेपिन, रिफाम्पिसिन, रात्रपाळी, यांनी हा निकाल बिघडतो, तेव्हा औषधांची पूर्ण यादी द्या. थोडंसं जास्त कॉर्टिसॉल अनेकांत सापडतं. चेहरा गोल होणं, पोटावर जांभळे पट्टे उठणं असं ठळक काही नसतं. पण बीपी, मधुमेह, हाडं ठिसूळ होणं यांच्याशी त्याचा संबंध असतो आणि उपचार माणूस पाहून ठरवावे लागतात. तुमच्यासाठी ही तपासणी आणखी एका कारणाने महत्त्वाची. काही गाठी अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल दोन्ही करतात. तसं असेल तर शिरांतल्या रक्ताची तुलना फसवी ठरू शकते, आणि गाठ काढल्यावर इतके दिवस सुस्तावलेली दुसरी अ‍ॅड्रिनल लगेच कामाला लागत नाही. तेव्हा काही महिने हायड्रोकॉर्टिसोन घ्यावं लागतं. हे आधी माहीत नसेल तर ऑपरेशननंतर बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं.

पुरुषी हार्मोन्स सगळ्यांना तपासत नाहीत. ओठांवर-हनुवटीवर अचानक भराभर केस येणं, आवाज घोगरा होणं असं काही असेल तरच, किंवा स्कॅन संशयास्पद असेल तर.

जाऊबाईंच्या चूर्णाबद्दल मनापासून सांगते, ते सुरू करू नका. अ‍ॅड्रिनलची गाठ विरघळवणारं कुठलंही चूर्ण नाही. शिवाय घटक न लिहिलेल्या चूर्णांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं निघतं. ते घेतलं की तुमची अ‍ॅड्रिनल दबते, तपासण्यांचे आकडे निरर्थक होतात, आणि ते एकदम सोडणंही धोक्याचं होऊन बसतं. दुसरं ज्येष्ठमध. बऱ्याच चूर्णांत आणि काढ्यांत ते असतं. त्यातल्या ग्लायसिरायझिनमुळे बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं, हुबेहूब अल्डोस्टेरॉनच्या आजारासारखं. फरक रक्तात कळतो: ज्येष्ठमधामुळे झालं असेल तर रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही दबलेले येतात. खोकल्यासाठी किंवा घशासाठी तुम्ही ते नियमित घेत असाल तर डॉक्टरांना सांगा आणि बंद करा. कदाचित अर्धं कोडं तिथेच सुटेल.

मुलीची काळजी सध्या बाजूला ठेवा. साधे अ‍ॅडिनोमा, अल्डोस्टेरॉन करणारेसुद्धा, बहुतेक वेळा आनुवंशिक नसतात. तिचा सीटी करण्याचं काही कारण नाही. वर्षातून एकदा बीपी मोजलं तरी पुरे. तुमच्या घराण्यात विशीच्या आत बीपी किंवा तरुणपणी पक्षाघात असा इतिहास असेल तर गोष्ट वेगळी, तो डॉक्टरांना सांगा. आणि तुमची गाठ फिओक्रोमोसायटोमा निघालीच तर मात्र जनुकीय तपासणी करायची, कारण त्यांतल्या साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त गाठींमागे घराण्यातून आलेला जनुकीय दोष असतो. तसा दोष तुमच्यात सापडला तर मुलीची तपासणी तेव्हा करता येईल, आणि वेळेत करता येईल.

मग ऐकायचं कुणाचं? एंडोक्रायनॉलॉजिस्टचं, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञाचं. या आठवड्यात त्यांची वेळ घ्या आणि पोटॅशियम पुन्हा तपासून घ्या. पाच वर्षं बीपी असलेल्या माणसाचा ३.२चा जुना आकडा तसाच सोडून चालणार नाही. ते ३च्या खाली आलं, हातपाय लुळे पडल्यासारखे वाटले किंवा छातीचा ठोका चुकत असेल, तर भेटीची वाट पाहू नका, सरळ दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जा. अचानक घाम, डोकेदुखी आणि उसळलेलं बीपी एकत्र आलं तरीही तसंच. भेटीला जाताना रिपोर्टच्या कागदासोबत स्कॅनची सीडी न्या. गाठीचा एचयू कुठे आणि कसा मोजला, हे तज्ज्ञाला स्वतः पाहायचं असतं. चालू औषधांची यादी आणि आठवडाभर घरी मोजलेलं सकाळ-संध्याकाळचं बीपी लिहून न्या. भेट होईपर्यंत कुठल्याही कारणासाठी भूल द्यायची वेळ आली, अगदी छोट्याशा ऑपरेशनसाठीसुद्धा, तर आधी सांगा: माझ्या अ‍ॅड्रिनलवर गाठ आहे आणि मेटानेफ्रिनची तपासणी अजून व्हायची आहे.

रिपोर्ट आले की पुन्हा लिहा. अल्डोस्टेरॉन आणि रेनिनचे आकडे लॅबच्या एककांसह पाठवा, कारण एकक बदललं की गुणोत्तराची मर्यादाही बदलते.